कप कोणाला, मान कोणाला

(शोभेच्या कबुतरांची पैदास करणाऱ्या संघटनेच्या ज्येष्ठ सभासदांच्या सत्कारानिमित्त कोल्हापुरात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे पाचही सत्कारमूर्ती, त्यांच्या घरची मंडळी, आणि कबुतरांच्या ढाबळीतलं संध्याकाळचं काम घाईनं उरकून इथं पोचलेल्या मित्रांनो,

सचिवांनी मला विषय दिलाय 'निवडीची पैदास आणि ज्येष्ठांचं योगदान'. वेळ पाऊण तास. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या गच्चीवर नाहीतर परड्यात ढाबळ आहे, त्यामुळं लक्का, जॅकोबिन या जाती म्हणजे काय हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. आपण ज्येष्ठांचा सत्कार वर्षं मोजून करतो. पंचवीस वर्षं सभासद, शाल. चाळीस वर्षं, शाल आणि चांदीचं कबुतर. वर्षं तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढतं. त्या वर्षांत या माणसांनी जी लाइन, म्हणजे पाखरांची वंशवेल, बांधली, जी आज दुसऱ्यांच्या ढाबळीत टिकून आहे, तिचा सत्कार व्हायला पाहिजे. हे गाव तालमींचं आहे. इथं वस्तादाला कोणी विचारत नाही, की तुम्ही किती वर्षं मातीत आहात. विचारतात, पठ्ठे कोण कोण तयार केले? आपल्याकडं हा प्रश्न विचारायची सोयच नाही, कारण कुठलं पाखरू कोणाच्या ढाबळीतलं याची नोंदच नाही. ती सोय कशी करायची ते शेवटी सांगतो. लेखी ठरावच आणलाय.

त्याआधी एक बोलून घेतो, नाहीतर मनात राहील. २०२५च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरखान्यांवरून जे झालं ते सगळ्यांनी बघितलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, जमावानं ती ओढून फाडली, रोज संध्याकाळी टीव्हीवर तेच. तेव्हापासून घरी पाहुणा आला आणि त्याला गच्चीवरची ढाबळ दिसली, की त्याचा चेहरा बदलतो. मुलीकडचे लोक स्थळ बघायला आले तर आधी गच्चीचं दार लावून घ्यायची वेळ आल्याचं एका तरुण सभासदानंच मला सांगितलं. (हशा) हसताय, पण त्याला हसू येत नव्हतं. मी सगळीकडं एकच सांगतो. रस्त्यावर पोत्यानं दाणे ओतायचे आणि हजारो पारवे जमवायचे, याला कबुतर पाळणं म्हणत नाहीत. पाळणारा माणूस पाखरं मोजून ठेवतो, ज्वारी-बाजरी मोजून घालतो, आजारी पाखरू वेगळं काढतो आणि जागा नसेल तर जोडीच लावत नाही. मात्र डॉक्टर लोक फुप्फुसांबद्दल जे सांगतात, ते आपल्यालाही लागू आहे. खरं तर आपल्यालाच जास्त. त्याकडं परत येतो.

आता मुख्य गोष्ट. लंडनची आहे आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे, पण तिच्यातली माणसं तुम्हाला ओळखीची वाटतील.

१८५५ साली चार्ल्स डार्विननं घरी कबुतरं आणली. तो काही आपल्यासारखा शौकीन नव्हता. सजीव कसे बदलत जातात याचा पुरावा त्याला हवा होता, आणि विल्यम यॅरेल नावाच्या त्याच्या पक्षीतज्ज्ञ मित्रानं त्याला कबुतरांकडं वळवलं. त्यानं डाउन गावच्या घराजवळ ढाबळ बांधली, मिळेल ती प्रत्येक जात विकत घेतली नाहीतर मागून आणली. सुरुवात कामाची, पण वर्षाच्या आतच गडी पुरता नादाला लागला. त्या नोव्हेंबरात भूशास्त्रज्ञ लायेलला त्यानं घरी यायचं आमंत्रण दिलं, त्यात लिहिलं की मी तुम्हाला माझी कबुतरं दाखवीन आणि माझ्या मते माणसाला देता येईल अशी याहून मोठी मेजवानी नाही! आता सांगा, हे वाक्य आपल्यातल्या कोणी कोणाला म्हटलं नसेल? जेवायला बोलवायचं आणि ताट वाढायच्या आधी गच्चीवर न्यायचं. (हशा)

पण घरी पाखरं ठेवून भागेना. बारकावे माहीत होते ते जाणत्या पाळणाऱ्यांना, आणि ते भेटायचे लंडनच्या क्लबांत. असे दोन क्लब होते. एक कोलंबेरियन सोसायटी, लंडन ब्रिजजवळ संध्याकाळी सातला तिची बैठक भरायची. दुसरी फिलोपेरिस्टेरॉन सोसायटी, जरा वरच्या थरातल्या लोकांची. डार्विन दोन्हींचा सभासद झाला. पहिल्या बैठकीला निघताना त्यानं मुलाला पत्र लिहिलंय, की तिथं मला विचित्र माणसांचा मेळा भेटणार असं दिसतं. ब्रेंट नावाच्या एका पाळणाऱ्याकडं तो जेवायला गेला होता. जेवण झाल्यावर ब्रेंटनं मातीची चिलीम त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, ही तुमची चिलीम. ओढता का वगैरे विचारणं नाही. इंग्लंडमधला नावाजलेला निसर्गशास्त्रज्ञ पाहुणा आहे, पण कबुतरवाल्याच्या घरी आलाय ना, मग तो कबुतरवाला. ही बरोबरी मला फार आवडते. आपल्या बैठकीतही एका बाकावर बँकेचे अधिकारी असतात, त्यांच्या शेजारी गॅरेजवाला असतो, आणि पिसाच्या बाबतीत गॅरेजवाल्याचं ऐकलं जातं, कारण त्याला जास्त कळतं.

दुसरी हकीकत डार्विननं आपल्या जीवशास्त्रज्ञ मित्राला, हक्सलेला लिहिलेल्या पत्रात आहे, १८५९च्या नोव्हेंबरातल्या. त्याचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे पुस्तक नुकतंच बाहेर पडलं होतं त्या दिवसांतलं. लंडनच्या बरो भागातल्या एका दारूच्या गुत्त्यात तो कबुतरवाल्यांच्या घोळक्यात बसला होता. बोलता बोलता कोणीतरी सुचवलं, की अमक्या बुल्टनं आपल्या पाउटरमध्ये रंट मिसळलाय, आकार वाढावा म्हणून. पाउटर म्हणजे गळ्यात हवा भरून फुगणारं, रंट म्हणजे ते आडवंतिडवं थोराड पाखरू. डार्विन लिहितो, की हे ऐकल्यावर सगळ्यांनी जी गंभीर, गूढ, भयंकर मुद्रा करून माना हलवल्या, त्या तुम्ही बघायला हव्या होत्या.

मित्रांनो, या माना मी बघितल्यात. तुम्हीही बघितल्यात. लक्क्यात मिसळ केली असं नुसतं कानावर आलं, की आपले ज्येष्ठ काही बोलत नाहीत, फक्त चहाचा कप खाली ठेवतात. (टाळ्या) त्या न बोलण्यात सगळं असतं. डार्विनला त्यात पुरावा दिसला. चांगल्या जाती मिसळीतून आलेल्या नाहीत, एकाच लाइनीत पिढ्यान् पिढ्या बारीक निवड करून आल्या, हे त्याला त्या मानांवरून कळलं. विद्यापीठातल्या कुठल्या व्याख्यानात त्याला हे मिळालं नसतं.

पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात त्यानं कबुतरांना जागा दिली. त्यात पाळणाऱ्यांबद्दल दोन गोष्टी आहेत, आणि माझं आजचं सगळं म्हणणं त्या दोहोंवर उभं आहे. पहिली कौतुकाची. तो म्हणतो, नावाजलेला पैदासकार होण्याइतकी अचूक नजर आणि पारख हजारात एकाकडंही नसते, आणि असली तरी त्या माणसाला सगळं आयुष्य त्यात घालावं लागतं. साधा कुशल कबुतरवाला व्हायलाही किती उपजत जाण आणि किती वर्षांची मेहनत लागते, यावर फारसं कोणी विश्वास ठेवणार नाही, असंही त्यानं लिहिलंय. जे लोक आपल्या छंदाला रिकामटेकडेपणा म्हणतात त्यांना हे ऐकवा.

दुसरी गोष्ट टीकेची आहे आणि ती आपण जास्त लक्ष देऊन ऐकली पाहिजे. त्या काळचा प्रत्येक पाळणारा शपथेवर सांगायचा, की लक्का वेगळ्या रानपाखरापासून आला, टंबलर वेगळ्यापासून, पाउटर वेगळ्यापासून. सगळे एकाच पारव्याचे वंशज आहेत हे कोणी मानायला तयार नव्हतं. डार्विननं पांढरेशुभ्र लक्के काळ्याभोर बार्ब जातीला लावले. पिल्लं झाली तपकिरी-काळी ठिपक्यांची. ती आपसात लावली, तर नातवंडांत एक पाखरू असं निघालं, की निळसर अंग, पंखावर दोन काळे पट्टे, पांढरी कंबर, हुबेहूब रानातला पारवा. आपल्याकडच्या पारव्याची कंबर निळसर असते हेही त्यानं टिपून ठेवलंय, मागच्या रांगेतून कोणीतरी मान हलवली म्हणून सांगतो. मग इतका अनुभव असून पाळणाऱ्यांना हे का दिसलं नाही? डार्विन म्हणतो, हे लोक बारीकसा फरक ओळखूनच बक्षिसं जिंकतात, पण अनेक पिढ्यांत साठलेल्या त्या बारीक फरकांची मनातल्या मनात बेरीज करायला तयार नसतात.

बेरीज नव्हती. नजर होती, हात होता, पण चाळीस वर्षांचा हिशेब एकत्र मांडलेला नव्हता. डार्विननं तो कागदावर मांडला. १८६८मध्ये पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ काढला, त्यात कबुतरांवर दोन सबंध प्रकरणं आहेत, आणि पानोपानी त्या क्लबांतल्या माणसांची नावं आहेत. टेगेटमायर घ्या, हा १९१२पर्यंत जगला, शहाण्णव वर्षांचं आयुष्य, कोंबड्या-कबुतरांवर हयातभर लिहीत राहिला. बुल्ट आज कोणाला ठाऊक असता? गुत्त्यातल्या गप्पांत नाव निघालं, ते एकानं पत्रात लिहिलं, म्हणून कोल्हापुरात आपण त्याचं नाव घेतोय.

इथं एक आडवाट घेतो, आपल्या मुलखाची आहे. डार्विनला हिंदुस्थानातून कबुतरांची कातडी पाठवणारा माणूस होता वॉल्टर एलियट, मद्रासच्या सनदी सेवेतला. पुस्तकात त्याचे आभार मानलेत. हा एलियट तरुणपणी दक्षिण मराठा मुलखात, धारवाडकडं नोकरीला होता. १८२४मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या फौजेनं कलेक्टर थॅकरेला मारलं, तेव्हा तिथं जे दोन इंग्रज ओलीस पकडले गेले त्यातला एक हाच. कित्तूर इथून किती लांब? बेळगावच्या पुढं थोडंसं. राणीनं त्याला जिवंत सोडला, आणि तीस वर्षांनी त्यानं आपल्याकडची पाखरं डार्विनच्या टेबलावर पोचवली. शाळेत कित्तूरचा धडा शिकताना हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज तुम्हाला सांगितलं.

आणि आपल्याकडं नोंदी नव्हत्या असं कोणी म्हणू नये. अबुल फझलनं आईन-ए-अकबरीत कबुतरांवर वेगळा भागच लिहिलाय. बादशहाच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरं, त्यातली पाचशे खासा. मुक्काम हलला की हमाल खुराडी उचलून बरोबर नेत. जाती एकमेकींत लावून बादशहानं त्यांच्यात फार सुधारणा केली, असंही तो लिहितो, आणि डार्विननं ते वाक्य आपल्या पुस्तकात घेतलं. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की त्या नोंदीत पाखराचं नाव आहे. मोहना. अकबराचा दूधभाऊ अझीझ कोका, त्याच्याकडून आलेलं. मोहनाच्या वंशातल्या नामांकित पाखरांचीही नावं दिलीत. चारशे वर्षांपूर्वीच्या एका पाखराचं नाव, ते कोणाकडून आलं आणि त्याच्यापासून पुढं काय निघालं, एवढं आपल्याला कळतं. गेल्या हंगामात आपल्या प्रदर्शनात पहिला आलेला जॅकोबिन कोणत्या जोडीचा, हे मला आज कोणी सांगेल का? कोणीच हात वर करत नाही.

याच आईनमध्ये लोटनचाही उल्लेख आहे, जमिनीवर गिरक्या खाणारं ते पाखरू. धरून हलवायचं, खाली ठेवायचं, की ते कोलांट्या घेत राहतं आणि उचलून शांत केल्याशिवाय थांबत नाही. करमणुकीसाठी हे करून दाखवणं आपण कायमचं बंद केलं पाहिजे. लाइन जपा, पाखराला हलवू नका. एवढंच, पुढं जातो.

आता माझ्या पोटातलं दुखणं. ही हकीकत कुठल्या शहरातली आणि कोणत्या प्रदर्शनातली ते मी सांगणार नाही. एका पिंजऱ्यात पांढरा लक्का होता. शेपूट उघडली की पूर्ण गोल. रानपारव्याला शेपटीची पिसं बारा. लक्क्याला तीस-चाळीसपर्यंत जातात हे तुम्ही जाणता, पण नुसत्या संख्येनं काही होत नाही. पिसं रुंद हवीत, एकमेकांवर सारखी बसायला हवीत, मान मागं जाऊन डोकं शेपटीला टेकायला हवं आणि तरी पाखरू तोलावर उभं राहायला हवं. त्या पाखरात सगळं होतं. पंचांनी वेळ लावला नाही, कप दिला. फोटो झाले, हार झाले. ज्यानं कप घेतला त्यानं ते पाखरू प्रदर्शनाच्या थोडे दिवस आधी विकत घेतलं होतं. आणि ज्याच्या ढाबळीत ते जन्मलं, ज्यानं त्याच्या आजा-पणज्याच्या जोड्या लावल्या, तो माणूस तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

मी त्यांच्या शेजारी होतो. म्हटलं, अण्णा, हे तुमचं पाखरू. ते म्हणाले, होय की. म्हटलं, मग बोला की उठून. तर म्हणाले, "विकलंय मी. पैसे घेतलेत. पोरीची फी भरायची होती." एवढंच. त्यांनी त्या लाइनीत एकदाच बाहेरचं रक्त आणलं होतं, तेही शेपटीसाठी नाही, आया पिल्लांना नीट भरवत नव्हत्या म्हणून. कुठली मादी, कुठल्या वर्षी, त्यातून किती पिल्लं ठेवली आणि किती काढून टाकली, हे ते मला तारखेसह सांगत होते. मी विचारलं, लिहून ठेवलंय का? म्हणाले, "कालनिर्णय आहेत ना सगळी." घरी गेलो तर खरोखरच. पोटमाळ्यावर सुतळीनं बांधलेला गठ्ठा, दर वर्षाचं कालनिर्णय. चौकोनाचौकोनात पेन्सिलीनं खुणा. अंडं पहिलं, अंडं दुसरं, अठराव्या दिवशी फुटलं की उभी रेघ, मेलं की फुली. दूधवाल्याचा हिशेबही त्याच चौकोनात, आणि काही महिने अक्षर वेगळं. ते काकूंचं. अण्णा शिफ्टला असायचे तेव्हा दाणापाणी आणि नोंद दोन्ही त्यांनीच केलेलं.

आता सांगा, विकत घेणं गैर आहे का? मुळीच नाही. घेणारे आहेत म्हणून पैदास चालते. पण पाखरू आणणारा आणि पाखरू घडवणारा यांत फरक करायची तजवीज आपल्या नियमांत नाही. कप एकच, आणि तो पिंजऱ्यावर ज्याचं नाव त्याचा. मग तरुण मुलगा काय शिकतो? पैसे साठव, डिसेंबरात खरेदी कर, जानेवारीत कप घे. सहा वर्षं चोचीसाठी थांबायला त्याला कोण सांगणार?

सहा वर्षं मी माझ्या मनानं सांगत नाही. सर जॉन सेब्राइट हा नावाजलेला इंग्रज पैदासकार म्हणायचा, की हवं ते पीस मी तीन वर्षांत काढून दाखवीन, पण डोकं आणि चोच मिळवायला मला सहा वर्षं लागतील. हेही डार्विननंच नोंदवलंय. इथं ज्यांनी आखूड चोचीची पाखरं काढलीत, त्यांना विचारा. चोच जितकी आखूड तितकं पिल्लाला अंडं फोडणं अवघड. टंबलरची उत्तम पिल्लं बाहेर येण्यापेक्षा अंड्यातच जास्त मरतात आणि पाळणाऱ्याला हातानं मदत करावी लागते, हे तेव्हाही लिहिलेलं आहे. बाहेर आलं तरी आईबापाची चोचही आखूडच, भरवणार कसं? म्हणून आपण अंडी दाई जोडीखाली सरकवतो. त्यासाठी दोन्ही जोड्या एकाच वेळी अंड्यावर आल्या पाहिजेत, कारण पिल्लाला भरवायचं गळ्यातलं दूध पिल्लू फुटायच्या सुमारासच तयार होतं, नरातही आणि मादीतही. दोन दिवस इकडचे तिकडे झाले तर सगळं गेलं. हे वेळापत्रक ज्यानं चाळीस वर्षं डोक्यात वागवलं, त्याला आपण फक्त शाल देणार?

आणि या माणसांना काय काय ठाऊक असतं! व्यासपीठावरच्याच एका काकांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं, निळा नर आणि राखी-लाल मादी लावली, तर घरट्यात जे लाल निघेल ते नर आणि निळं निघेल ती मादी. डोळेही न उघडलेली पिल्लं ते नर-मादी वेगळी करून दाखवत. पाखरांत नराची लिंग ठरवणारी दोन्ही गुणसूत्रं सारखी, मादीला तसलं एकच, म्हणून बापाचा रंग मुलीकडं जातो, हे पुस्तकात मला नंतर सापडलं. डोक्यावरच्या तुऱ्याचंही घ्या. तुरेवालं सपाट डोक्याला लावलं तर तुरा लपतो आणि नातवंडांत परत येतो, हे आपल्यातल्या कोणत्या ज्येष्ठाला माहीत नाही? २०१३मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या मायकल शपिरो आणि सहकाऱ्यांनी कबुतराचा पूर्ण जनुकसंच वाचला आणि तुऱ्यामागचा एक जनुक दाखवून दिला. त्या संशोधकांना नमुने कुठून मिळाले? पाळणाऱ्यांकडून. तिकडं शास्त्रज्ञ पाळणाऱ्याच्या दारात येतो, कारण पाळणाऱ्याकडं पाखराची ओळख लिहिलेली असते.

(सचिवांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं म्हणताय? पाहुण्यांची गाडी आहे, ठीक आहे. मग ज्यासाठी मला बोलावलं ते आता भरभर सांगतो. ठराव सविस्तर आहे, तो वाचाच.

पहिलं, रिंग. पिल्लू आठवड्याचं झालं की पायात बंद रिंग घालायची. त्यानंतर पाय मोठा होतो, रिंग चढत नाही आणि उतरतही नाही, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. वर्ष आणि क्रमांक संघटनेनं द्यायचा, आणि कोणता क्रमांक कोणाला दिला याची एकच नोंदवही ठेवायची. ब्रिटनची नॅशनल पिजन असोसिएशन १९१८ची, अमेरिकेतली १९२०ची, या शंभर वर्षांच्या संघटना रिंगा देतात. आपण सुट्या प्लास्टिकच्या कड्या घालतो, त्या कोणीही काढतो आणि बदलतो.

दुसरं, कप. पाखराच्या पिंजऱ्यावर दोन नावं लिहायची, मालकाचं आणि पैदास करणाऱ्याचं. मालकाला कप जाऊ दे. पण रिंगेवरून पाखरू ज्याच्या ढाबळीतलं ठरेल त्याचं नाव व्यासपीठावरून त्याच वेळी पुकारायचं आणि त्याच्या नावापुढं गुण जमा करायचे. अमेरिकेतल्या संघटनेत मास्टर ब्रीडर अशी पदवीच आहे. आपण तशी पदवी द्यावी, आणि ती देताना त्या लाइनीची पाखरं दुसऱ्यांच्या ढाबळीत काय करतायत हेही धरावं. पुढच्या वेळी ज्येष्ठांचा सत्कार या गुणांवरून होईल. सभासदत्वाच्या पावत्या काढत बसावं लागणार नाही.

तिसरं, जुन्या नोंदी. कालनिर्णयं, डायऱ्या, वहीचे कागद, सिगारेटच्या पाकिटाच्या मागं लिहिलेलं असेल तेही. आपल्यातल्या दोन-तीन तरुणांनी ज्येष्ठांच्या घरी जाऊन मोबाईलवर पानापानाचे फोटो काढायचे, आणि खुणांचा अर्थ त्यांच्या शेजारी बसून विचारून लिहायचा. फुली म्हणजे मेलं की काढून टाकलं, हे आज विचारलं तर कळेल. ज्यांनी या नोंदी केल्या त्या घरच्या बायकांची नावंही त्यात यायला हवीत. सपत्नीक सत्कार म्हणून नुसतं शेजारी उभं करण्यापेक्षा त्यांना पैदासकार म्हणून नोंदवा, कारण त्या आहेत.

चौथं, जे मघाशी राहिलं. फुप्फुसं. कबुतरं पाळणाऱ्यांना होणारा फुप्फुसांचा विकार वैद्यकात १९६०च्या दशकापासून नोंदलेला आहे. विष्ठेतली आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीतली प्रथिनं श्वासातून आत जातात आणि काहींच्या शरीराला ती सोसत नाहीत. ढाबळ झाडल्यावर चार-सहा तासांनी कणकण, कोरडा खोकला, छाती भरल्यासारखी वाटणं, आणि दुसऱ्या दिवशी बरं. आपण म्हणतो सर्दी झाली. वर्षानुवर्षं असं चाललं तर फुप्फुसं घट्ट होत जातात आणि ते परत भरून येत नाही. व्यासपीठावरच्या पाचांपैकी दोघांना जिना चढताना थांबावं लागलं, मी बघितलं. म्हणून संघटनेच्या खर्चानं साठीपुढच्या प्रत्येक सभासदाची वर्षातून एकदा तपासणी, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं की घरी कबुतरं आहेत. ढाबळीत जाताना चांगला मास्क, कापडी रुमाल नाही. झाडण्याआधी पाणी शिंपडायचं. वेगळे कपडे, ते घरात आणायचे नाहीत. नातवंडांना भुकटीत खेळू द्यायचं नाही. शालीच्या जोडीला आज या पाचांना तपासणीची पत्रं द्यावीत असं मी अध्यक्षांना सकाळीच विनवलंय, आणि ते हो म्हणालेत. (टाळ्या)

पाचवं घाईतच सांगतो. प्रत्येक ज्येष्ठानं आपल्या लाइनीची किमान एक जोडी पंचविशीच्या आतल्या एका सभासदाला द्यावी, पैसे न घेता, आणि पहिली दोन वर्षं जोड्या लावायला शेजारी बसावं. पिल्लांतलं कोणतं ठेवायचं आणि कोणतं द्यायचं, हे फक्त शेजारी बसूनच शिकता येतं. ज्यांना पाखरं सांभाळणं आता होत नाही त्यांनी ढाबळ एकदम विकू नये, आधी संघटनेला कळवावं. घाईत विकलेली ढाबळ चार गावांत पांगते आणि लाइन संपते. हे गेल्या काही वर्षांत आपल्या डोळ्यांसमोर घडलंय.

ठरावाची प्रत सचिवांकडे दिली आहे. सर्वसाधारण सभेत मी सूचक आहे, अनुमोदक पाहिजे. ज्याला व्हायचंय त्यानं आज घरी जायच्या आधी सही करावी. आणि माझी एक विनंती, आता सत्कार करताना निवेदकांनी वर्षं वाचून झाली की थांबू नये. पाचही जणांना विचारावं, तुमच्या लाइनीची पाखरं आज कोणाकोणाकडं आहेत, आणि ज्यांच्याकडं आहेत त्यांनी सभागृहात उभं राहावं. चला, सुरू करा.